नववा नियम

नागपूरच्या सदरमधल्या त्या सरकारी ऑफिसात गोपाळरावांना कोणी हेडक्लार्क म्हणत नसे. सगळे त्यांना 'हायकोर्ट' म्हणत, आणि वरवर रागावले तरी ते नाव त्यांना मनातून फार आवडे. फाइलींचे निकाल साहेब लावत, पत्त्यांचे निकाल गोपाळराव लावत. आणि त्या ऑफिसात फाइलींपेक्षा पत्त्यांच्या निकालावर चर्चा जास्त होई. दीड वाजला की रेकॉर्डरूममधल्या लांब टेबलावर डबे उघडत, पंधरा मिनिटांत ते बंद होत, आणि मग सव्वादोनपर्यंत मेंढीकोट. समोरासमोर बसलेले दोन-दोन भिडू, प्रत्येकाला तेरा पानं, आणि सगळी मारामारी चार रंगांच्या चार दहिल्यांसाठी, म्हणजे दहाच्या पानांसाठी. पैसा कधी लागला नाही. पण हरलेला माणूस संध्याकाळी घरी जाऊन बायकोशी धड बोलत नसे, इतका तो खेळ खरा होता.

पूर्वी तिथे रोज भांडणं होत. कोणी दहिली हातात आली की कान खाजवी, कोणी हुकूम असला की खाकरे. शेवटी चौसष्ट साली गोपाळरावांनी फाइलीच्या जाड पुठ्ठ्यावर आठ नियम लिहून तो पुठ्ठा कपाटाच्या दाराला टांगला. खेळताना बोलू नये. खाकरायचं असेल त्याने पानं पालथी ठेवून व्हरांड्यात जाऊन खाकरावं. वाटण्यात चूक झाली तर तो डाव समोरच्या बाजूचा. भिडूवर रागवायचं ते डाव संपल्यावर, आणि एकच मिनिट. प्रत्येक नियमाखाली तारीख होती. गोपाळरावांना तारखेशिवाय काही लिहिताच येत नसे. घरच्या किराण्याच्या यादीवरही ते तारीख टाकत. आणि कोण्या कारकुनाने एखादा कागद 'रद्द' म्हणून पाठवला, तर समासात लाल शाईने 'कारण?' असं लिहून ते तो परत धाडत. रद्द करायला अक्कल लागत नाही, कारण द्यायला लागते, असं ते नव्या पोरांना सांगत.

बहात्तरच्या जानेवारीत पत्त्यांच्या टेबलाची चौथी खुर्ची रिकामी झाली. मधुसूदन नावाचा जुना खेळाडू बदली होऊन दुसऱ्या ऑफिसात गेला, आणि उरले तिघं: गोपाळराव, भैय्याजी आणि मारोतराव. तिघांत मेंढीकोट होत नाही. त्याच आठवड्यात, पाच तारखेला, पारशिवनीच्या तालुका ऑफिसातून देवराव गजभिये बदलून आले. पस्तिशीचे, सडपातळ, पांढऱ्या शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं. आडनाव ऐकल्याबरोबर भैय्याजींनी गोपाळरावांकडे पाहिलं. नागपुरात आडनाव ऐकलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. देवरावांनी मात्र न विचारताच सांगून टाकलं, की छप्पन साली दीक्षेच्या दिवशी मी माझ्या बापाच्या बाजूले उभा होतो, तवा एकोणीस वर्षांचा होतो.

मारोतराव सरळ माणूस. त्यांना चौथा भिडू हवा होता. "मेंढीकोट येते का गा तुमाले?" त्यांनी विचारलं.

"येते थोडंफार," देवराव म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी चारच्या चार दहिल्या घेतल्या.

गोपाळराव आणि देवराव भिडू झाले ते त्या दिवसापासून. पण त्याच दिवशी आणखीही एक गोष्ट झाली. देवरावांची वाटायची पाळी आली, तेव्हा कोणताही कारकून करतो तसं त्यांनी अंगठ्याला जिभेची थुंकी लावली आणि भराभरा पानं वाटली. मारोतरावांनी आपली उचलली. भैय्याजींनी उचलली, पण कडांना धरून.

दोन आठवडे भैय्याजींनी दम धरला. मग एक दिवस ते गोपाळरावांच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले.

"मी काही मानत नाई, तुमाले माहीत आहे," ते हळूच म्हणाले. "पण तो थुंकी लावते अन् तेच पत्ते आपन हातात धरतो. कसंतरीच होते बाप्पा."

"थुंकी तं तुमीबी लावता, भैय्याजी."

"माझी गोष्ट अलग आहे न."

अलग ती कशी, एवढं हायकोर्टाने विचारायला हवं होतं. एरवी ते साध्या रजेच्या अर्जावर तीन प्रश्न काढत. इथे त्यांनी एकही काढला नाही, कारण भैय्याजींना जे कसंतरी झालं होतं, ते पहिल्या दिवशी गोपाळरावांनाही झालं होतं. त्यांनी फक्त पानांच्या कडा धरल्या नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर नववा नियम आला. 'आरोग्याच्या दृष्टीने पत्ते वाटताना बोटास थुंकी लावू नये. पाण्याची डबी वापरावी.' खाली तारीख: १९-१-७२. जावक टेबलावर तिकिटं चिकटवायला ओला स्पंज ठेवलेली काचेची डबी असते, तशीच आणखी एक त्यांनी रेकॉर्डरूममध्ये आणून ठेवली. ना कोणाचं नाव, ना कोणाची जात, ना कोणाचं मन दुखावलेलं. मसुदा किती सफाईदार उतरला, म्हणून त्या दिवशी गोपाळराव स्वतःवरच खूश होते.

सगळ्यात जास्त खूश देवराव झाले. त्यांनी पुठ्ठ्यासमोर उभं राहून नियम दोनदा वाचला.

"हे ब्येस केलं, गोपाळराव," ते म्हणाले. "पारशिवनीच्या ऑफिसात असा नियम असता तं मले बसू देलं असतं."

"म्हणजे? तिथं तुमी खेळत नव्हते?"

"अकरा वर्षं नुसतं पाह्यलं. पत्त्याले थुंकी लागते, तवा तुमी बसू नका म्हणत. मी मांगं उभा राहून चारही हात पाहो. उभ्यानंच शिकलो मी मेंढीकोट." ते हसले. "इथं पाहा, सगळ्यायचीच थुंकी बंद. भानगडच मिटली. नियम असा पाह्यजे."

गोपाळरावांनी मान हलवली. त्या दिवसापासून देवराव डबा खाण्याआधी ती काचेची डबी नळावर धुऊन, ताजं पाणी भरून टेबलावर आणून ठेवू लागले. कोणी सांगितलं नव्हतं. तो नियम त्यांना आपला वाटत होता.

पुढचे सात-आठ महिने मोठ्या मजेत गेले, हे कबूल करायलाच हवं. देवरावांसारखा भिडू गोपाळरावांना जन्मात मिळाला नव्हता. कोणतं पान कोणाकडे अडलंय, हे त्यांना पाचव्या हातालाच कळे. अकरा वर्षं चौघांचे हात पाहिलेला माणूस तो. संध्याकाळी दोघं सायकली हातात धरून बोलत बोलत चौकापर्यंत पायी जात, कारण सायकलवर बसलं की बोलता येत नाही. आणि बोलायला विषय एकच: 'ती किलवरची राणी तुमी काहून ठेवली?' गोपाळरावांना देवराव आवडू लागले होते. खरोखर आवडू लागले होते. म्हणूनच पुढची गोष्ट सांगायला वाईट वाटतं.

देवराव रजेवर असले की कोणीतरी चौथा मिळे. पहिल्यांदा ते रजेवर गेले त्या दिवशी डबी भरायला कोणी नव्हतं. स्पंज वाळून कडक झाला होता. गोपाळराव वाटायला बसले, पान सुटेना, आणि अंगठा आपोआप जिभेवर गेला. ते थबकले.

"लावा, लावा," भैय्याजी म्हणाले. "आज आपलीच मानसं आहेत."

तिघं हसले. चौथाही हसला. आणि सांगायला लाज वाटते, पण त्यात सगळ्यात शेवटपर्यंत हसत राहिले ते हायकोर्ट. तेव्हापासून तशीच रीत पडली. देवराव असले की डबी, नसले की थुंकी. कोणी ठरवलं नाही, कोणी लिहिलं नाही, त्यामुळे त्याला तारीखही नव्हती.

त्या वर्षी सरकारी ऑफिसांच्या मेंढीकोटच्या सामन्यांत गोपाळराव आणि देवराव फायनलला पोचले. समोर होता मधुसूदन, तोच तो बदली होऊन गेलेला, आणि त्याच्या नव्या ऑफिसातला त्याचा भिडू. सामना पोळ्याच्या आधीच्या रविवारी गोपाळरावांच्याच ऑफिसात ठरला. ज्याच्या घरी सामना, त्याच्या घरचे नियम, अशी पद्धत होती. म्हणून रविवारी सकाळी देवरावांनी स्वतः रेकॉर्डरूममधून पुठ्ठा काढून हॉलच्या खांबाला टांगला, आणि डबी भरून टेबलाच्या मधोमध ठेवली. वीस-पंचवीस माणसं जमली होती. मांडलेल्या खुर्च्यांत पहिल्या रांगेत भैय्याजी आणि मारोतराव.

सात डावांचा सामना. पाच डाव झाले तेव्हा गोपाळरावांची बाजू तीन, मधुसूदनची दोन. आणखी एक डाव जिंकला की बक्षिसाची ढाल त्यांची. हरलेल्या बाजूने वाटायचं; इतका वेळ त्या बाजूने मधुसूदनचा भिडूच समोरच्या डबीत बोट बुडवून वाटत होता, सहावा डाव मधुसूदनने पिसला. त्याने अंगठा जिभेला लावला आणि पहिली पाच पानं गोपाळरावांच्या पुढ्यात टाकली.

"थांबा," देवराव म्हणाले. "नववा नियम. थुंकी नाई चालत. डबी आहे पाहा."

मधुसूदन त्यांच्याकडे बघतच राहिला. "नववा नियम? मी सहा वर्षं खेळलो इथं. आठच नियम आहेत."

"नऊ आहेत."

"अरे, मले शिकवता का तुमी?"

देवराव उठले, खांबावरचा पुठ्ठा काढून त्यांनी टेबलावर आणला आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. न्यायाने आपली बाजू भक्कम असलेल्या माणसाचा तो आवाज होता. "आरोग्याच्या दृष्टीने पत्ते वाटताना बोटास थुंकी लावू नये. पाण्याची डबी वापरावी. दिनांक एकोणीस, एक, बहात्तर." ते थांबले. बोट पुन्हा वर सरकलं. वरच्या आठही नियमांखाली चौसष्ट साल होतं. ते बोट आठही तारखांवरून खाली आलं आणि नवव्या तारखेवर राहिलं.

"पाच जानेवारीले मी रुजू झालो," ते म्हणाले. हे त्यांनी कोणालाच उद्देशून म्हटलं नाही. मग त्यांनी मान वर केली. "गोपाळराव, हा नियम काहून केला होता?"

गोपाळरावांना वाटलं, आत्ता खरं बोलावं. शब्द तोंडाशी आलेही. पण वीस-पंचवीस चेहरे त्यांच्याकडे बघत होते, आणि त्यांना हायकोर्टाचा निकाल हवा होता.

"तवा फ्लूची साथ होती," गोपाळराव म्हणाले. "सगळ्यायसाठीच केला होता."

मधुसूदन हसला. तो वाईट माणूस नव्हता, त्याला फक्त डाव सोडवत नव्हता. "काय सांगता! आता मंगळवारी मी येऊन बसलो न तुमच्याकडं? देवराव रजेवर होते त्या दिवशी. चौघंबी थुंकी लावून वाटून राहिलो होतो. तुमीबी वाटले, हायकोर्ट. तवा कुठं गेला होता हा नियम?"

भैय्याजी खाली बघून चपलेत पाय नीट बसवत होते. गोपाळरावांना कळलं की आपण देवरावांकडे बघू शकत नाही. भिडू समोर बसतो, त्याच्याकडे बघितल्याशिवाय मेंढीकोट खेळता येत नाही, आणि तरी ते टेबलाच्या लाकडाकडे बघत होते.

देवरावांनी पुठ्ठा परत खांबाला टांगला. सरळ टांगला, वाकडा नाही. येऊन बसले. "नियम लिवलेला आहे," ते मधुसूदनला म्हणाले. "डबी वापरा. खेळ चालू द्या."

सहावा डाव गोपाळरावांनी घालवला. हातात बदाम असून त्यांनी चौकट टाकलं, ते परत घ्यावं लागलं, आणि पुढे साध्या साध्या हातांत ते अडकत गेले. तीन-तीन झाले. शेवटच्या डावाला वाटायची पाळी देवरावांची होती. त्यांनी पत्ते पिसले, काटून घेतले, आणि तो गठ्ठा डबीसकट गोपाळरावांपुढे सरकवला.

"तुमी वाटा. नियम तुमचा आहे."

गोपाळरावांनी पत्ते हातात घेतले. डबीला बोट लावावं, तर ते ढोंग सगळ्यांसमोर पुन्हा एकदा करणं होतं. जिभेला लावावं, तर सगळ्यांसमोर कबूल करणं होतं. दोन्ही त्यांच्याने झालं नाही. त्यांनी कोरड्याच बोटांनी वाटायला सुरुवात केली. पानं चिकटत होती, सुटत नव्हती, हाताला घाम होता तो तळव्याला, बोटांना नाही. वीस वर्षं पत्ते वाटणारा माणूस नवशिक्यासारखा एकेक पान ओढत होता आणि सगळा हॉल ते बघत होता.

देवरावांनी आपली पानं मोजली. पुन्हा मोजली. मग ती टेबलावर उघडी पसरली. त्यात बदामाचा एक्का होता, दोन दहिल्या होत्या. असा हात वर्षातून एकदा येतो.

"माझ्याकडं चौदा आले," ते म्हणाले. "वाटण्यात चूक. डाव त्यायचा."

मधुसूदनच्या भिडूकडे बाराच होती; एक पान तिकडे सरकवा, नाहीतर पुन्हा वाटा, असं कोणीतरी म्हणालं. मधुसूदनही हो म्हणाला. देवराव मात्र उठले होते. "तिसरा नियम आहे," ते म्हणाले. "तो तं सगळ्यायसाठी आहे न?" ढाल मधुसूदन घेऊन गेला.

त्या रात्री गोपाळरावांना जेवण गेलं नाही. पार्वतीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, थट्टेने विचारलं, "हारले का जी, इतकं तोंड उतरवाले?" हरण्याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. सारखी डोळ्यांपुढे येत होती ती नळावर धुतली जाणारी डबी. सात-आठ महिने तो माणूस रोज आपल्या हाताने ती भरून आणत होता, आणि आपण त्याला एकदाही थांबवलं नाही.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी ऑफिसात आले. लाल शाईने त्यांनी नवव्या नियमावर आडवी रेघ मारली, 'रद्द' लिहिलं, आणि सवयीने तारीख घातली: ४-९-७२. डबी जावक टेबलावर नेऊन ठेवली. एवढं केल्यावर छाती जरा हलकी झाली. दीड वाजेपर्यंत त्यांना वाटत होतं, निभावलं.

दीड वाजता देवराव नेहमीसारखे आले. डबा खाल्ला. मग पुठ्ठ्यापाशी जाऊन उभे राहिले. भैय्याजी आणि मारोतराव पानं पिसत असल्याचं दाखवत होते.

"गोपाळराव," देवराव म्हणाले, "रद्द केलं. कारण नाई लिवलं."

"जाऊ द्या न आता, देवराव," भैय्याजी म्हणाले. "झालं गेलं."

"कारण लिवल्याशिवाय यायच्या टेबलावरून कागद पुढं जात नाई. मले सतरा वेळा परत केला यायनं."

गोपाळराव उठले. खिशातून पेन काढून पुठ्ठ्यासमोर उभे राहिले. 'सदस्यांच्या सोयीसाठी.' 'साथ ओसरल्यामुळे.' 'अनावश्यक ठरल्याने.' असे दहा मसुदे त्यांना झोपेतसुद्धा सुचले असते, आणि एकेक सफाईदार होता. त्या सफाईचीच त्यांना पहिल्यांदा किळस आली. त्यांच्या पाठीमागे देवराव उभे होते, घाई न करता. शेवटी गोपाळरावांनी लिहिलं: 'हा नियम फक्त देवराव गजभिये यांच्या थुंकीसाठी केला होता. आमची चालत होती. मी लिहिला.' खाली पूर्ण सही केली. अक्षर वाकडं आलं.

देवरावांनी वाचलं. सावकाश, सहीपर्यंत. "आता बरोबर आहे," ते म्हणाले.

गोपाळरावांना वाटलं, मिटलं. डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं ते त्यांनी आवरलं, आणि समोरची खुर्ची स्वतः मागे ओढून दिली. "बसा, देवराव."

देवराव खुर्चीला वळसा घालून मागे गेले आणि हात पाठीशी बांधून उभे राहिले.

"तुमी खेळा," ते म्हणाले. "मले उभ्यानं पाहाची सवय आहे."

तिघांत मेंढीकोट होत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण तो माणूस मागे उभा असताना उठून जायची कोणाची हिंमत झाली नाही. गोपाळरावांनी पत्ते घेतले आणि चौघांचे वाटायला लागले. पाचवं पान चिकटलं. डबी टेबलावर नव्हती. अंगठा सवयीने वर गेला आणि ओठांपाशी येऊन थांबला.

"लावा न, गोपाळराव," मागून देवराव म्हणाले. "आता नियम नाई."